नानांचं पोट गेलं कुठं?

"दगड खाल्ला तर त्याचं पीठ करून दाखवीन!" झुलाल नाना पाटील चारचौघांत छाती पुढे काढून म्हणायचे. म्हणजे काढायला जायचे छातीच, पण पुढे यायचं पोट!

आणि काय पोट होतं ते! नाना यावल डेपोत हयातभर एसटी ड्रायव्हर. स्टिअरिंग आणि सीट यांच्या मधे ते पोट बसायचं कसं, हे डेपोतल्या मेकॅनिकांनाही कधी उलगडलं नाही. फैजपूर स्टँडवरची पोरं म्हणायची, "नानांची गाडी आली की आधी पोट फलाटाला लागतं, मागून एसटी!" डेपोतले लोक त्यांना 'डबल डेकर' म्हणत. भरीत पार्टीत वाढपी आधी नानांपुढे यायचा आणि सगळी रांग फिरून झाली की उरलेलं पातेलं घेऊन पुन्हा नानांपुढेच. वरण-बट्टीच्या पंगतीत तुपाची वाटी ते मागत नसत, बरणीच जवळ घेऊन बसत.

लोक हसायचे, नानाही हसायचे. आत कुठंतरी ते बोचायचं. पण एवढ्या अगडबंब माणसाला असलं काही बोचत असेल, हे कुणाला खरं वाटणार? त्यामुळं नाना ते कुणाला सांगायच्या भानगडीत पडले नाहीत. निवृत्त झाले, सत्तरीच्या जवळ आले, तरी पोट आणि पोटावरचे विनोद दोन्ही शाबूत होते.

त्या थंडीत मात्र विपरीत घडलं. मोतीलालच्या ओळखीच्या एका मळ्यात भरीत पार्टी होती. मोतीलाल म्हणजे नानांचा शाळेपासूनचा दोस्त. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या यावलात, बाजारपेठेत धान्याचं दुकान. गाव त्याला मोतीशेठ म्हणे, नाना म्हणत मोती. मोतीशेठ जैन, वांग्याला हात लावत नसे. पण नानांना खाताना बघायला तो दरवर्षी हमखास यायचा. म्हणायचा, "सर्कशीचं तिकीट वाचतं!"

तर काट्याकुट्यांवर भाजलेली वांगी लाकडाच्या बडगीत ठेचली गेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या, वर कच्च्या तेलाची धार पडली. नानांनी बैठक मारली. एक भाकरी खाल्ली. दुसरीचा तुकडा मोडला आणि हात थांबला! आतून कुणीतरी फाटकन दार लावून घ्यावं, तसं झालं. घास पुढे जाईना.

"काय रे? बस इतकंच?" मोतीशेठ म्हणाला. "माझा वेळ फुकट गेला की!"

"सकाळी जरा जास्त झालं," नाना म्हणाले आणि उरलेली भाकरी गुपचूप मळ्यातल्या कुत्र्याकडे सरकवली.

पुढं रोजच तसं होऊ लागलं. दोन घास खाल्ले की पोट गच्च. छातीखाली जळजळ. नानांनी सोडा घेतला, ओवा चावला, हिंगाचं पाणी प्यायले. दगडाचं पीठ करणारा माणूस भरतापुढे हरला, हे तोंड दाखवायचं कुणाला? बायकोनं, कुंदाबाईंनी ताट वाढलं की निम्मं ते खात, निम्मं कागदात गुंडाळून खिशात टाकत. आणि मग हळूहळू, सकाळच्या दवासारखं, नानांचं पोट उतरायला लागलं.

ते पहिल्यांदा पाहिलं योगराज चौधरीनं. योगराज म्हणजे सातपुडा ज्येष्ठ नागरिक मंडळाचा अध्यक्ष. सकाळी फिरायला माणसाला दोन पाय पुरतात, योगराजला माईकही लागायचा. एके सकाळी चोपडा रस्त्यानं सगळी म्हातारी मंडळी चालली असताना तो एकदम थांबला आणि ओरडला, "नाना! पोट गेलं कुठं?"

सगळे थबकले. सगळ्यांनी पाहिलं. खरंच की! पोट नव्हतं!

"काय करता काय नाना?"

"चेहरा बघा, तरुण दिसू राह्यला!"

"सांगा ना राव!"

खरं उत्तर नानांच्या ओठांवर आलं होतं. जेवण जात नाही रे बाबांनो. पण समोर सगळी माणसं कौतुकानं डोळे विस्फारून उभी होती. उभ्या आयुष्यात त्या पोटाकडं कुणी अशा नजरेनं पाहिलं नव्हतं. 

"काढा," नाना म्हणाले.

"कसला काढा?"

आता काढायचं कुठून? कुंदाबाईंच्या फळीवर जे जे डबे दिसायचे, ते नाना आठवून आठवून बोलत गेले. "मेथ्या. जांभळाची बी. गुळवेल. कडुनिंब. अन्... कारल्याचा रस. काळा होईस्तोवर उकळायचा."

"काळा होईस्तोवर!" योगराजनं मंत्र मिळाल्यासारखं म्हटलं आणि खिशातून मोबाइल काढला. "नाना, हे पुन्हा एकदा सांगा. इकडं बघून."

झालं! दुपारपर्यंत नाना गावच्या प्रत्येक मोबाइलवर काढा उकळत होते. संध्याकाळी सूनबाई चारुलताचा भुसावळहून फोन आला, "बाबा, मेथ्या भिजवून घ्यायच्या की कोरड्या?" दोन दिवसांनी पारोळ्याहून ताईबाई नावाच्या एक आजी नवऱ्याला घेऊन थेट दारात. "नाना, बठ्ठा गावमा तुमनंच नाव शे! मना मालकले बी थोडा काढा द्या ना!" मालक एसटीतून उतरून इतके दमले होते की त्यांना काढ्यापेक्षा खाट हवी होती. आता नानांना काढा खरोखरच उकळावा लागला, आणि लोकांसमोर प्यावाही लागला. जो पदार्थ त्यांनी थापेत तयार केला, तो त्यांच्याच घशाखाली उतरत होता. याला म्हणतात करावं तसं भरावं!

मंडळाच्या सभासदांनी तो काढा पहिल्यांदा घेतला त्या दिवशी सकाळचं फिरणं अर्ध्यात मोडलं. एकेक जण धोतर-पायजमा सावरत घराकडं धावत सुटला. योगराज धावता धावता ओरडत होता, "शुद्धी! घाबरू नका, ही शुद्धी आहे!"

घरात मात्र एक माणूस खूश नव्हतं. कुंदाबाई नानांच्या पॅन्टी आत घेऊन घेऊन कंटाळल्या होत्या. एक दिवस धुवायला टाकलेल्या पॅन्टच्या खिशात त्यांना वाळलेली भाकरी सापडली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खिशात दुसरी!

"हे काय व्हय?" त्यांनी भाकरी नानांच्या नाकापुढं धरली.

"कुत्र्यासाठी ठेवली व्हती."

"कुत्रं दारात वाट पाहू राह्यलं, अन् भाकर खिशात? मी काय येडी हाये? तुमाले जेवन जात नही. डाक्टरले दाखवा."

"लोक मले इचारू राह्यले बारीक कसं व्हायचं, अन् मी डाक्टरकडे जाऊ? काय म्हनतीन लोक?"

कुंदाबाईंनी भुसावळला मुलाला फोन लावला. हितेंद्र रेल्वेत होता आणि स्वतःच पोट घेऊन हैराण होता. तो हसला. "आई, लोक वजन उतरवायला मरतात गं! बाबांचं आपोआप उतरतंय, तर तुला काळजी! उलट बरंय. या वयात हलकंच पाहिजे शरीर."

"आपोआप उतरू राह्यलं म्हनूनच तं..." कुंदाबाई म्हणाल्या. पण हितेंद्रची गाडी आली होती. त्याची रोज कुठली ना कुठली गाडी यायचीच.

मग ती काळी गोष्ट सुरू झाली. नाना सकाळी शौचाला गेले आणि खाली बघून गारठले. डांबर! रस्त्यावर ओततात तसं काळंकुट्ट, चिकट, आणि वास असा की स्वतःलाच सहन होईना. हयातभर डांबरी रस्त्यावर गाडी हाकली, पण डांबर असं भेटेल ही कल्पना नव्हती. नाना बराच वेळ तसेच बसून राहिले.  मग त्यांनी स्वतःलाच समजावलं, काढा काळा, म्हणून हे काळं. त्यात काय! अनेक वर्षांचा साठलेला मळ निघतोय. पाणी ओतलं आणि बाहेर आले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण भीती लपवायची तर तिला पागोटं बांधून मिरवावं लागतं. पुढच्याच रविवारी मंडळापुढं नाना म्हणाले, "काळं पडायला लागलं की समजायचं, औषध लागू पडलं!"

टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर मोतीशेठनं नानांना बाजूला ओढलं. तोही बारीक झाला होता. गालफडं बसली होती, सदरा खांद्यावरून लोंबत होता, आणि सगळे त्यालाही म्हणत होते, वा शेठ!

"झुलाल, एक विचारू? कुणाला बोलू नको." मोतीशेठनं इकडंतिकडं पाहिलं. "तुझं काळं पडतं. माझं लाल पडतंय."

"लाल?"

"रक्तासारखं. आता दिवाळीपासूनच आहे म्हण. मी मूळव्याध समजत होतो. मग तुझं ऐकलं, तर म्हटलं ही पण शुद्धीच असेल. फक्त मला सांग, लाल म्हणजे मी तुझ्या मागे आहे की पुढे?"

पुढं जन्मभर नानांना हा प्रश्न झोपू देणार नव्हता. पण त्या क्षणी त्यांच्या मनात एकच होतं. इथं 'मला माहीत नाही' म्हटलं, तर मेथ्यांपासून कारल्यापर्यंत सगळी थाप उघडी पडेल. शिवाय मोती त्यांच्याकडं असा बघत होता, जसा शाळेत गणित अडलं की बघायचा. आणि तेव्हा तर नानांना गणितही येत नसे.

"मागे आहेस," नाना म्हणाले. "घेत राहा. दोन दिवसांत काळं होईल."

मोतीशेठच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यानं नानांचा हात दाबला. "बरं झालं तुला विचारलं. आमचा श्रेयांस पुण्याहून सारखा म्हणत होता, डॉक्टरकडे जा. पोरांना काय कळतं!"

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर झेंड्याला सलामी देताना नानांची पॅन्ट घसरून घोट्यावर आली. इतर कुणाची आली असती तर गाव वर्षभर हसलं असतं. नानांची आली, तर योगराजनं टाळी वाजवली. "बघा! याला म्हणतात परिणाम!" साऱ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. नाना एका हातानं सलामी देत होते, दुसऱ्या हातानं पॅन्ट वर ओढत होते, आणि त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती.

त्याच मैदानावर योगराजनं सत्कार जाहीर केला. असातसा नाही! मंगल कार्यालयात मंडप, बॅनरवर नानांचे दोन फोटो, एक पोटासकट, एक पोटाविना. वर मोठ्या अक्षरांत 'वजनवीर'. आणि स्टेजवर केळीचे घड तोलायचा काटा! केळीच्या गुदामातून खास उचलून आणला होता. नानांना सगळ्यांदेखत त्यावर उभं करायचं आणि वजन माईकवरून सांगायचं, हा योगराजचा डोक्यालिटीचा भाग.

सत्काराच्या दिवशी नानांनी सकाळपासून पाण्यापलीकडं काही घेतलं नव्हतं. घेतलेलं राहतही नव्हतं. कुंदाबाई म्हणाल्या, "जाऊ नका." नाना म्हणाले, "बॅनर छापलं त्यायनी." बॅनर छापल्यावर माणसानं आजारी पडायचं नसतं, असा काहीतरी कायदा असावा.

कार्यालय खचाखच भरलं होतं. पहिल्या रांगेत मोतीशेठ आणि त्याची बायको कुसुमलता. शाल पडली, नारळ हातात आला, नाना काट्यावर चढले. योगराजनं आकडा वाचला आणि मंडपात "बाप रे!" झालं. दोन वर्षांच्या तापातून उठलेल्या माणसाचंही वजन एवढं कमी भरलं नसतं, पण टाळ्या थांबेनात.

"नाना, दोन शब्द!"

नानांनी माईक धरला. "मंडळी," ते म्हणाले, "मी काही फार..."

आणि वाकले. तोंडातून जे आलं ते चहाच्या चोथ्यासारखं होतं. काळपट, दाणेदार. नव्या शालीवर, काट्यावर, योगराजच्या पांढऱ्या बुटांवर. मग नाना केळीच्या घडासारखे काट्यावर आडवे झाले.

मागच्यांना नीट दिसलं नाही. योगराजनं पडलेला माईक उचलला आणि सवयीनं बोलून गेला, "नानांना गहिवरून आलेलं आहे!"

पुन्हा टाळ्या!

तेवढ्यात खुर्च्या पाडत, पदर खोचत कुंदाबाई स्टेजवर चढल्या. लग्नापासून त्या कधी चारचौघांत मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. "टाळ्या बंद करा रे मेल्याहो!" त्या कडाडल्या. "मानूस मरू राह्यला अन् तुमी वाजवू राह्यले! गाडी आना कोनी!"

गाडी मोतीशेठनं आणली. जळगावपर्यंत नानांचं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर ज्योत्स्ना म्हणून एक पोटविकारांच्या बाई होत्या. रक्त चढवून नाना जरा शुद्धीवर आले, तेव्हा बाईंनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "आजोबा, हे वजन तुम्ही कमी केलं, की ते कमी झालं?"

"त्यात काय फरक?" नाना पुटपुटले. पण विचारता विचारताच त्यांना कळलं. घाटात गाडी आपण पळवतो आणि उतारावर ती आपली आपण पळत सुटते, यातला फरक ड्रायव्हरला कुणी शिकवावा लागत नाही.

"झालं," ते म्हणाले.

"किती दिवसांपासून? घास अडकतो? थोडं खाल्लं की पोट भरतं? शौच काळं होतं?"

नाना प्रत्येक प्रश्नाला मान हलवत गेले. खाटेच्या पायथ्याशी कुंदाबाई उभ्या होत्या. काळ्या शौचाचं ऐकल्यावर त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"ते काळं म्हणजे मळ नव्हता, आजोबा. रक्त होतं," बाई म्हणाल्या. "पोटात वर कुठं रक्त वाहिलं की खाली येईपर्यंत ते डांबरासारखं होतं. उद्या दुर्बिणीनं पोटात बघू. अहो, तुमच्या वयात भूक मेली, वजन आपोआप उतरलं, घास अडकू लागला, शौच काळं झालं किंवा लाल झालं, तर घरात काढे करत बसायचं नसतं. आधी दाखवायचं. कित्येकदा साधं काहीतरी निघतं. पण ते साधं आहे हे आम्हाला ठरवू द्या ना!"

"लाल?" नाना सलाइनसकट उठून बसले. "लाल झालं तरी?"

"तरी. मूळव्याध असू शकते, दुसरंही असू शकतं. तपासल्याशिवाय कोण सांगणार?"

"फोन दे," नाना कुंदाबाईंना म्हणाले. "मोतीले लाव!"

मोतीशेठ नानांना पोचवून यावलला परतला होता. आवाज खणखणीत. "झुलाल! बोलतोस! देवाची कृपा! इकडची काळजी करू नको, उद्याचा काढा मी उकळतो. माणसं थांबली आहेत."

"मोती, काढा फेकून दे. डाक्टरकडे जाय. ते लाल... ते रक्त व्हय."

"अरे, तूच तर म्हणालास, दोन दिवसांत..."

"मी खोटं बोललो! मले काही माहीत नव्हतं!"

 मोतीशेठ लहान मुलाला थोपटावं तशा आवाजात म्हणाला, "तुला सलाइन लावलंय. अंगात ताप असेल. झोप तू. बरा झालास की बोलू." आणि फोन ठेवला.

नाना फोनकडं बघत राहिले. खोटं सांगितलं ते एका बैठकीत पटलं. खरं सांगितलं तर त्याला ताप म्हणतात!

कुंदाबाई जवळ येऊन बसल्या. "मले सांगाले काय व्हतं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"सगळे वा वा करू राह्यले व्हते," नाना म्हणाले. "कधी केलं व्हतं कोनी?"

दुर्बिणीत जठरातली गाठ दिसली. तुकडा तपासायला गेला आणि ज्याचं नाव घरात कुणी घेत नाही तेच निघालं. पण बाहेर फार पसरलं नव्हतं. ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग काढून टाकला, मागून औषधांचे डोस सुरू झाले. हितेंद्र रजा टाकून आला, बापाच्या पायाशी बसून ढसाढसा रडला आणि म्हणाला, "आई सांगत होती..." कुंदाबाईंनी त्याला गप्प केलं नाही. रडू दिलं.

ऑपरेशननंतर मोतीशेठ भेटायला आला. इस्त्रीचा सदरा, पण आत माणूस नव्हताच म्हणा ना. हँगरला अडकवल्यासारखा. जिना चढून धापा टाकत होता.

"अजून लाल?" नानांनी पहिला प्रश्न तोच केला.

"असतं अधूनमधून. आधी तू बरा हो."

नानांनी नर्सनं दिलेला पेजेचा पेला खाली ठेवला. "तू खाली त्या बाईले दाखवशीन, तव्हाच मी हे पेईन."

"हा काय पोरखेळ, झुलाल?"

"पोरखेळच! जाय!"

तासभर पेज तशीच राहिली, वर साय धरली. कुंदाबाई विनवू लागल्या, नर्स रागावली, नाना तोंड मिटून भिंतीकडं बघत बसले. शेवटी मोतीशेठ चिडून उठला आणि कुसुमलताला घेऊन खाली गेला. जाताना म्हणाला, "तुझ्या निम्म्या पोटापायी जातोय बरं का!"

मोतीशेठच्या मोठ्या आतड्यात तेच होतं. यकृतापर्यंत पोचलेलं होतं. श्रेयांस पुण्याहून धावत आला. त्यानं रिपोर्ट वाचला आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिला. डॉक्टर ज्योत्स्ना म्हणाल्या, "दिवाळीला आले असते तर काय झालं असतं, हे मी छातीठोक नाही सांगू शकत. पण आतापेक्षा पुष्कळ करता आलं असतं."

मोतीशेठ पोळ्याच्या आधी गेला. शेवटी शेवटी नाना रोज त्याच्या खाटेशी जाऊन बसायचे. एक दिवस नानांना राहवलं नाही. "मोती, मी तुले..."

"ते सोड," मोतीशेठ म्हणाला. डोळे मिटलेले होते. "मला तेच ऐकायचं होतं रे. डॉक्टर दुसरंच काही बोलला असता, म्हणून तर तुला विचारलं. तुझ्याइतकं गोड उत्तर दुसऱ्या कुणाकडे मिळालं असतं?"

नानांना वाटलं, यापेक्षा यानं शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

मंडळानं शोकसभा ठेवली. योगराजनं माईक घेतला, डोळे टिपले आणि म्हणाला, "नानांनी काढा बंद केला, आणि आपण आपला मोतीशेठ गमावला!"

मागून एक जण हळहळला, "चालू असता तर वाचले असते हो."

नाना उठले. पोटावरची शिवण धरून पुढं गेले आणि योगराजच्या हातातून माईक काढून घेतला. "काढा खोटा होता. मी बारीक झालो ते रोगानं. मोती गेला तोही रोगानं, आणि उशीर झाला तो माझ्यामुळं. तुम्ही कुणी ते पिऊ नका." एवढंच बोलले. सभेत चुळबुळ झाली. बाहेर पडताना लोक हळू आवाजात म्हणत होते, ऑपरेशनचा डोक्यावर परिणाम होतो कधी कधी. फाटकाशी एका गृहस्थानं नानांना गाठलं, इकडंतिकडं पाहिलं आणि कानात विचारलं, "नाना, ते ठीक आहे. पण जांभळाची बी किती घालायची, तेवढं सांगून ठेवा."

तेव्हापासून नानांनी बोलणं सोडलं आणि विचारणं सुरू केलं.

आता रोज सकाळी ते चोपडा रस्त्यावर उभे असतात. समोरून म्हातारा माणूस आला की रामराम नाही, शामशाम नाही. "जेवण जातं का? वजन उतरलं का? काल कोणता रंग होता?" भर रस्त्यात! बायकामाणसांना कुंदाबाई विचारतात. त्या तर घरात शिरून विचारतात. काही जण चिडून जळगावला जाऊन तपासून आले, काही निघालं नाही, आणि परत येऊन नानांना भरपूर शिव्या देऊन गेले. नानांनी त्या शिव्या पेढ्यासारख्या खाल्ल्या. ज्यांना तपासणीत काही निघालं आणि वेळेत निघालं, ते काही सांगायला आले नाहीत. लाजतात बिचारे. बाकी गाव नानांना बघून रस्ता बदलतं. ज्या माणसाला बघायला पारोळ्याहून लोक येत होते, त्याला टाळायला लोक आता नदीच्या बाजूनं फिरायला जातात!

परवा योगराज असाच तावडीत सापडला. हल्ली त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला होता, आणि हे नानांनी लांबूनच हेरलं होतं. नाना दिसताच योगराजनं माईकवाल्या माणसाला न शोभणारी उडी मारली आणि रस्त्याकडेच्या केळीच्या बागेत घुसला.

"योगराज!" नाना बांधावरून ओरडले. "पळ, पण सांगून पळ! काळं का लाल?"

पानं सळसळली. मग आतून योगराजचा आवाज आला, सत्काराच्या भाषणात असायचा तसाच, भरघोस आणि प्रसन्न.

"पिवळं, नाना! एकदम पिवळं! उत्तम!"

नानांनी मान हलवली. इतक्या आनंदानं, इतक्या तत्परतेनं रंग सांगणारा माणूस खरं बोलत नसतो, हे यावल तालुक्यात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्यांनी हितेंद्रला फोन करून जळगावला जायला गाडी मागवली, आणि बांधावर बैठक मारून बसले. योगराज कधीतरी बाहेर येईलच.